एक आधीच मोजला आहे

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर वर तीन म्हणतोय आणि खाली दोनच दाखवतोय. आता मी कुणाचं ऐकू?"

फोनवर आवळे सिस्टर होत्या. मिरजेच्या ज्या हॉस्पिटलात आमचा प्रोग्रॅम चालायचा, तिथल्या बायकांच्या वॉर्डच्या त्या प्रमुख. डिसेंबर २००३, गुरुवार, सकाळचे पावणेअकरा. तारीख सोडा, त्या वेळी टेबलावरचा चहा किती उरला होता तेही मला आज सांगता येईल.

"कसलं तीन, सिस्टर?" मी विचारलं.

"चौदा नंबरची बाई. हौसाबाई खाडे, बेडगच्या. पित्ताशयातले खडे काढायचेत, बाराला ऑपरेशन. 'न चालणारी औषधं' म्हणून तुमचं पान आहे नव्हं, त्यावर वर 'एकूण तीन' लिहिलंय. खाली सल्फा आणि अ‍ॅस्पिरिन. बास. आणि म्हातारी म्हणतीय तीन. नाव येत नाही तिला तिसऱ्याचं, पण तीन म्हणजे तीन, असं धरून बसलीय. डॉक्टर म्हणतात, कॉम्प्युटरला दोन आहेत, म्हातारीला काय कळतंय."

सोमवारी त्या हॉस्पिटलात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली होती आणि ती मी बसवली होती.

सहा फुटांवर बिवलकर सर बसले होते. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. सरांचे डोळे मिटलेले असले की कान सगळ्यात जास्त उघडे असतात, हे आमच्या ऑफिसात नवीन आलेल्यालाही आठवड्यात कळायचं.

"यादी बरोबर आहे, सिस्टर," मी म्हणाले. "वरचा आकडा कधी कधी जुना राहतो. खाली दिसतं तेच खरं."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला. वरचा आकडा जुना राहतो, हे मी त्या क्षणी बनवलं होतं. तसं काही नव्हतं. पण तोंडातून ते इतकं सफाईदार आलं, की मलाच क्षणभर खरं वाटलं.

आमची कंपनी म्हणजे सांगलीला विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बिवलकर सर, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि चोवीस वर्षांची मी, वृंदा उपळेकर. सरांनी एक्याण्णव साली सी भाषेत स्वतःचा डेटाबेस लिहिला होता. विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून लिहिला, आणि मग त्यांना स्वतःचीच पोळी गोड लागायला लागली, असं वहिनी म्हणायच्या. त्या डेटाबेसवर सात हॉस्पिटलं चालत होती.

सरांचा एक नेम होता. त्याला आम्ही 'वाचन' म्हणायचो. कोडात एक ओळ बदलली तरी ती अख्खी फाइल कागदावर छापायची, सरांच्या समोर बसायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायची. 'कंस उघडला, कंस बंद'सुद्धा. सर डोळे मिटून ऐकणार. कुठं अडखळलं की म्हणणार, "मागून घ्या." पोथी वाचल्यासारखं वाटायचं. मैत्रिणींना सांगताना मी सरांची नक्कल करायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्या महिन्यात सर भाचीच्या लग्नाला आठ दिवस चिपळूणला गेले होते. मी नवं पुस्तक वाचलं होतं, अंगात वारं शिरलेलं होतं. आणि सरांच्या कोडातली एक जुनी खोड मला कित्येक दिवस खुपत होती.

खोड अशी. एखाद्या पेशंटला न चालणारी औषधं एक असतील, नाहीतर नऊ असतील. ती ठेवायला सरांनी एक रचना केली होती. आधी पेशंटचा नंबर, मग औषधं किती त्याचा आकडा, आणि शेवटी औषधांसाठी खण. किती खण लागतील ते आधी माहीत नाही, म्हणून रचनेत खण एकच लिहायचा, आणि मेमरीत जागा मागताना म्हणायचं: ही रचना द्या, आणि तिच्या शेपटाला औषधं असतील तितके वजा एक खण आणखी द्या. वजा एक का? तर एक खण रचनेतच मोजलेला आहे. जुन्या काळात सगळे हीच युक्ती करायचे. आता भाषेतच सोय झाली होती. शेवटचा खण नुसता रिकामा सोडायचा, तो मोजलाच जात नाही, आणि 'वजा एक'ची कटकट संपते.

मी रचना बदलली. मग सगळ्या फाइलींत 'वजा एक' शोधायला लावलं. अकरा ठिकाणी सापडलं. अकराही काढून टाकले. एक औषध घालून पाहिलं, चाललं. दोन घालून पाहिली, चाललं. मुद्दाम मोठी परीक्षा म्हणून पाच घातली, तीही चालली. सोमवारी मिरजेला जाऊन बसवून आले. सर बुधवारी परत आले. वाचन तेवढं राहिलं होतं. आठशे ओळी त्यांच्यापुढं वाचायच्या आणि शेवटी त्यांनी म्हणायचं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" या भीतीनं मी विषयच काढला नाही.

आता फोन ठेवल्यावर मी माझ्या मशीनवर खोटा पेशंट तयार केला. तीन औषधं घातली आणि पान उघडलं. तीनही दिसली.

जिवात जीव आला. म्हातारीचाच गोंधळ, म्हणाले मनात. चहाचा घोट घेतला. मग वाटलं, वॉर्डात पेशंट एक थोडाच असतो? म्हणून तिच्यामागं दुसरा पेशंट घातला आणि पहिलीचं पान पुन्हा उघडलं.

वर 'एकूण तीन'. खाली दोन.

दोन चाललं, पाच चाललं, मग तीनलाच काय झालं? आमचा डेटाबेस जागा सोळा-सोळा बाइटच्या तुकड्यांत द्यायचा. एक खण चार बाइटचा, म्हणजे एक खण कमी मागितला, चार बाइट कमी पडले, तरी पुढच्या सोळाला पोचताना बहुतेक वेळा ते आपोआप भरून यायचे. कागदावर आकडे मांडले तर बरोबर तीन औषधं, किंवा बरोबर सात, एवढीच अशी पाळी होती की भरून यायला काही उरत नव्हतं. शेवटचं औषध शेजारच्या पेशंटच्या जागेत ठेवलं जायचं. शेजारी आला की त्याचा नंबर तिथं लिहिला जायचा, आणि पान दाखवताना 'असं औषध नाही' म्हणून ते गुपचूप गाळलं जायचं.

म्हणजे कुठंतरी 'वजा एक' राहिला होता. पुन्हा शोध लावला. एकही नाही. मग मी ती फाइल पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, ओळीनं वाचली. मनातल्या मनात, ओठ हलवत.

पाचशे बाराव्या ओळीवर ते होतं. डिस्कवरून पेशंट उचलून मेमरीत मांडायची जागा. तिथं सरांनी 'वजा एक' लिहिलंच नव्हतं. सी भाषेत मोजणी शून्यापासून, त्यामुळं तीन औषधांत शेवटच्याचा क्रमांक दोन, म्हणजे तीन वजा एकच. तो 'शेवटचा' क्रमांक त्यांच्या हाताशी होता, तोच त्यांनी थेट वापरला होता. शोधून सापडणारच नाही असं. आणि वरच्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत पण चोख मराठीत, त्यांनी टीप घातली होती: एक आधीच मोजला आहे.

मोठ्यानं वाचलं असतं तर या ओळीवर माझी जीभ अडखळली असती. अडखळलीच असती.

मी मिरजेला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं. ऑपरेशनच्या आधी अर्धा तास अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, हे मला त्यांच्यासाठीच्या प्रोग्रॅममुळं माहीत होतं. हौसाबाईंची खरी यादी डिस्कवर शाबूत होती. मोडेमच्या वेगळ्या लाइनवरून ती उघडून पाहिली; तेवढंच दिसायचं, बसवायचं काम मात्र जाऊनच करावं लागायचं. सल्फा, अ‍ॅस्पिरिन, आणि तिसरं सेफॅलोस्पोरिन. ऑपरेशनच्या आधीचं ते इंजेक्शन त्याच घराण्यातलं.

मी नुसती चूक केली असती तर वेगळं. म्हातारी तीन म्हणत होती, सिस्टर तीन म्हणत होत्या, वरचा आकडा तीन म्हणत होता. त्या तिघांना मी एकटीनं खोटं पाडलं होतं. 'नक्की' म्हणाले होते मी.

आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पण माझ्या हातांनी पहिलं काम काय केलं असेल? ती ओळ दुरुस्त केली, प्रोग्रॅम पुन्हा बांधला, सीडीवर घेतला. पाच मिनिटांत. डोक्यात एकच चाललं होतं. सीडी घेऊन जायचं, किरकोळ काम होतं म्हणायचं, बसवायचं, सिस्टरना हळूच सांगायचं की पुन्हा एकदा बघा. डिस्क शाबूत आहे. मागं काही खूणसुद्धा राहणार नाही.

पर्स खांद्याला लावली. "सर, मिरजेला जाऊन येते. थोडंसं काम आहे."

सरांनी डोळे उघडले नाहीत. "सोमवारी काय बसवलंत तिथं?"

"थोडी साफसफाई."

"वाचन?"

एवढाच शब्द. मी दाराच्या कडीला धरून उभी राहिले. वहिनी पत्रं टाइप करत होत्या, त्या थांबल्या.

"नाही झालं, सर," मी म्हणाले. आणि मग बांध फुटला. रचना बदलली, अकरा ठिकाणं, बारावं राहिलं, तिसरं औषध दिसत नाही, म्हातारी तीन म्हणत होती आणि मी नाही म्हणाले. सगळं एका दमात, रडत.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. सर उठले, पायांत चपला सरकवल्या.

"किती वाजता आत घेणार?"

"बाराला. इंजेक्शन साडेअकराला."

"नलू," ते वहिनींना म्हणाले, "फोन लावत राहा. वॉर्ड, ऑफिस, ऑपरेशन थिएटर, जो उचलेल त्याला सांग. चौदा नंबरला एकही इंजेक्शन द्यायचं नाही. आमचा प्रोग्रॅम चुकलाय. 'चुकलाय' असंच म्हण, गोल गोल बोलू नको." मग माझ्याकडं वळून, "रडणं स्कूटरवर करा. चला."

सरांची स्कूटर तिशीच्या वर कधी जात नसे. त्या दिवशी ती किती वेगात होती कोण जाणे, मला ती जागच्या जागी उभी वाटत होती. विजयनगरजवळ उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. सर हॉर्न वाजवत राहिले, एकदा मातीत उतरून पुढं काढली. मी मागं सीडी छातीशी धरून बसले होते आणि मनात त्या बाईला हाका मारत होते, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. हौसाबाई, नाही म्हणा. हात मागं घ्या. भांडा त्यांच्याशी. तुमचंच खरं आहे.

सर वाटेत एकदाच बोलले. "न ओळखलेलं औषध पानावर गाळायचं, हे कोणी लिहिलं?"

"तुम्ही, सर."

"हं," म्हणाले, आणि स्कूटर दामटली.

हॉस्पिटलच्या घड्याळात अकरा बेचाळीस. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. वॉर्डात शिरले. अकरा, बारा, तेरा. चौदा नंबरची खाट रिकामी होती.

चादर ओढून सारखी केलेली. घोंगडी घडी करून पायथ्याला. उशाशी एक कापडी पिशवी. टेबलापाशी सिस्टर नव्हत्या, आणि फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला होता. मी ती खाट बघत राहिले. तेराच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "या आजी कुठं गेल्या?"

"न्हेलं की मगाशी," ती म्हणाली. "हात सुजला तिचा, आनि पळापळ झाली. डाक्टर वरडत हुतं."

मी खाटेचा दांडा धरला. खाली विचारपूस करून सर मागून आले, त्यांनी माझा दंड पकडला आणि मला ओढतच ड्रेसिंगच्या खोलीकडं नेलं.

दार ढकललं. स्टुलावर एक सुरकुतलेली, काळीसावळी, काटक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. डावा हात पुढं धरलेला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, रुपयाएवढी लालभडक गांध उठली होती, भोवती हात टम्म. आवळे सिस्टर तिच्या नाडीवर बोटं ठेवून घड्याळाकडं बघत होत्या.

"इंजेक्शन दिलं?" मी विचारलं.

"टेस्ट डोस," सिस्टर मान न उचलता म्हणाल्या. "थेंबभर, कातडीखाली. तेवढ्यावर हे. पुरं दिलं असतं तर..." आणि त्यांनी बोलणं तिथंच सोडलं. नाडी मोजून झाली. "ठीक आहे आता. तुमच्याकडून फोन आला म्हणून इथल्या ऑफिसातला माणूस आत्ताच सांगून गेला. त्याच्या आधीच कळलं होतं आम्हाला."

"पण डॉक्टर तर..."

"डॉक्टर म्हणालेच, टेस्ट कशाला, रेकॉर्ड साफ आहे, उशीर होतोय. मी म्हटलं, लिहून द्या. मग दिली परवानगी." सिस्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "फोनवर तुम्हीच होता न्हवं?"

मी मान हलवली.

"मॅडम, मी तीस वर्षं पेशंटना विचारतेय, गोळी घेतली का. ज्यांनी घेतलेली असते ते जरा आठवतात, मग हो म्हणतात. जे लगेच 'हो' म्हणतात, त्यांची गोळी उशीखाली सापडते. तुम्ही फार लगेच 'नक्की' म्हणालात."

मी आजींच्या सुजलेल्या हाताकडं पाहिलं.

"आणि वर तो तीन होता," सिस्टर म्हणाल्या. "बिवलकरसाहेब, तेवढं चांगलं केलंय तुम्ही. यादीला यादी, वर आकडा वेगळा."

सर माझ्याकडं बघत नव्हते, हे त्यांचे उपकार. कारण तो 'एकूण'चा रकाना फालतू आहे, खाली मोजता येतंच, तो काढू या, असं मी त्यांना दोनदा म्हटलं होतं. साफसफाईच्या माझ्या यादीत पुढचं काम तेच होतं. वेळ मिळाला नाही, एवढ्यानंच तो राहिला.

सर सुपरिंटेंडेंटच्या खोलीत गेले आणि "चूक आमच्या कंपनीची" असं उभ्यानं सांगून आले. माझं नाव घेतलं नाही. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. नवी सीडी चढवली. मग सोमवारपासून आलेल्यांत बरोबर तीन किंवा सात औषधं असलेले किती, ते काढलं. हौसाबाई धरून नऊ. उरलेल्या आठांचे कागद आम्ही खाटा-खाटांवर फिरून तपासले, दोघं घरी गेले होते त्यांना फोन केले. प्रत्येक नावाला माझा जीव टांगणीला लागायचा आणि सुटायचा. चार वाजेपर्यंत आठही नावं झाली. कुणाला काही झालं नव्हतं. मला त्याचा आनंदसुद्धा होईना, इतकी मी भिऊन गेले होते.

वाटलं, आता घरी. पण सर कॉरिडॉरमध्ये थांबले. त्यांच्या हातात एक छापलेला कागद होता.

"उपळेकर, तुमचं वाचन राहिलंय."

"आत्ता, सर? इथं?"

"इथंच. माझ्यापुढं नको. जिचं आहे तिच्यापुढं."

चौदा नंबरवर हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गांध उतरली नव्हती. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच व्हय ती, कॉम्प्युटरवाली?"

"हो, आजी. माझी चूक झाली. तुम्ही तीन म्हणत होता ते खरं होतं. मी फोनवर नाही म्हणाले."

मला रागवा, चार शब्द बोला, असं वाटत होतं. त्यांनी उशाची पिशवी जवळ ओढली, आतून गाठ मारलेलं फडकं काढलं आणि दातांनी गाठ सोडली. आत गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं होती. चेपलेली, जुनी, एकावरची अक्षरं पुसून गेलेली.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून ज्या गोळीनं तरास झाला तिचं पाकीट ठिवते. ही पयली, अंगावर पुरळ आलं. ही दुसरी, पोटात आग पडली. ही तिसरी, त्वांड सुजून डोळं मिटलं हुतं, ल्योक रडाय लागला हुता. डाक्टराला दावाय काढली, तर त्यो म्हनला, ठेवा ओ आजी, आमच्याकडं सगळं लिव्हलेलं हाय."

मी त्या पाकिटांकडं बघत राहिले. तीन वस्तू, तीन जागा. कुणाची जागा कुणाला गेलेली नाही. मला एकाएकी रडू कोसळलं आणि मी ते आवरलं नाही. हौसाबाईंनी सुजलेला हात तसाच मांडीवर ठेवून, उजव्या हातानं माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"रडू नगंस. वाच काय आनलंयस त्ये."

मी कागद उलगडला. "हौसाबाई ज्ञानू खाडे. वय बासष्ट. राहणार बेडग. न चालणारी औषधं, एकूण तीन."

"हां."

"सल्फा."

त्यांनी पहिलं पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

"अ‍ॅस्पिरिन."

दुसरं ठेवलं.

"सेफॅलोस्पोरिन."

तिसरं ठेवायला त्यांनी वेळ लावला. बोटांनी ते चाचपलं, उलटसुलट केलं, मग इतर दोन पाकिटांच्या शेजारी ठेवलं. सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. डोळे मिटलेले.

"मग आता ऱ्हाईल न्हवं त्ये तिसरं त्यात?" हौसाबाईंनी विचारलं. "उद्या ऑपरेशनला न्हेत्याल. तू हितं नसशील, ह्या सिस्टर नसतील. ऱ्हाईल न्हवं?"

"राहील, आजी."

"आसं लगीच म्हनू नगंस. बगून सांग."

मी कागद स्टुलावर ठेवला, उठले आणि सिस्टरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्यांचं पान नव्यानं उघडलं. बोट काचेवर टेकवलं आणि तिथून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.